वेळ तीच, हात जास्त: लांब पल्ल्याच्या एका जलतरणपटूचं प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातल्या मुलीचं नाव, गाव, क्लब काहीच इथे दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदललेले आहेत. आकडे मात्र तिच्या वहीतले आहेत, आणि ती वही तिने स्वतः माझ्या हातात दिली. मी तेव्हा त्या संघाची फिजिओ होते. या प्रकरणात माझ्याही चुका आहेत, त्या पुढे येतीलच.

ती नवव्या वर्षी स्पर्धेत उतरली ती बॅकस्ट्रोकची मुलगी म्हणून. बाराव्या वर्षी सरांच्या लक्षात आलं की बाकीच्या मुली शेवटच्या शंभरात ढेपाळतात आणि हिचा वेग मात्र जसाच्या तसा राहतो. तेव्हापासून ती १५०० मीटर फ्रीस्टाइलची झाली. ५० मीटरच्या तलावात तीस लॅप. सतराव्या वर्षी तिने १६ मिनिटं ५८ सेकंद अशी वेळ दिली. म्हणजे दर शंभराला सरासरी ६८ सेकंदांच्या किंचित आत, आणि तेही सलग पंधरा वेळा.

या शर्यतीचा इतिहास इथे थोडा सांगायला हवा, कारण सरांचं सगळं गणित त्यावर बसलेलं होतं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर शर्यत १९०८ पासून आहे. बायकांना १९६८ पासून ८०० मीटरपर्यंतच मजल होती. १५०० मिळाली ती टोकियोत, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ साली. सरांनी आधीच्या दोन मुलींना नाइलाजाने ८०० वर आणलं होतं आणि दोघींचंही त्यात नुकसान झालं, असं ते उघड बोलत. ही मुलगी मात्र नेमकी दार उघडताना मोठी होत होती. तिला १५०० सोडू द्यायचं नाही, हे सरांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्यांच्या आग्रहाला मी तेव्हा हट्ट म्हणायचे. आज तितक्या सहज म्हणणार नाही.

अडचण

अठराव्या वर्षी वेळ तिथेच थांबली. एकोणिसाव्या वर्षी ती घसरायला लागली: १७:०९, मग १७:१४, मग १७:२१.

वेळ थांबली की अंतर वाढवायचं, हा लांब पल्ल्याच्या प्रशिक्षणातला जुना शिरस्ता आहे, आणि बऱ्याचदा तो चालतोही. आठवड्याचे ५२ किलोमीटर ७० झाले, दहा सत्रांत विभागून. त्याच सुमारास दर सोमवारी सगळ्यांचं वजन व्हायला लागलं. एका सोमवारी सर सहज म्हणाले, "दोन किलो उतरव, पाण्यात आपोआप वर राहशील." सर विसरले, ती विसरली नाही. रात्रीचं जेवण अर्ध्यावर आलं. घरी त्याचं कौतुक झालं. मुलगी शिस्तीची आहे, म्हणून.

डावा खांदा दुखायला लागला तेव्हा ती माझ्याकडे आली. मी चार महिने तो खांदा तपासला, टेप लावली, बर्फ दिला, व्यायाम दिले. दुखणं दोन आठवडे कमी व्हायचं आणि पुन्हा यायचं. ७० किलोमीटर पोहणाऱ्या मुलीचा खांदा दुखणारच, असं मी धरून चालले होते.

आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. स्पर्धेच्या तलावाचं पाणी नियमाने २५ ते २८ अंशांत असतं. या पाण्यात पूर्वी ती तास-दीड तास आरामात असायची. आता सराव संपवून बाहेर आली की ओठ निळे, दात वाजतायत, अंगावर दोन टॉवेल. मुलं तिला 'कुल्फी' म्हणायची. आम्हीही हसायचो.

पहिली बैठक आणि पहिला निर्णय

निवड चाचणीला अकरा आठवडे उरले असताना आम्ही बसलो. सर, तिचे आई-बाबा, ती आणि मी. सरांचा पहिला प्रस्ताव होता की असंच रेटायचं आणि टेपर, म्हणजे शर्यतीआधी सराव कमी करत नेण्याचा काळ, थोडा लांब ठेवायचा, कदाचित साठलेला थकवा निघून वेळ खाली येईल. ४०० मीटरवर उतरायचा विषय निघाला आणि तिथेच संपला. तिच्याकडे तेवढा वेग कधीच नव्हता. मी "दोन आठवडे विश्रांती" असं काहीतरी बोलले, पण इतक्या गुळमुळीतपणे की ते कोणी टिपून घेतलं नाही. पूर्ण तपासणी करू, रक्त बघू, हे कोणीच सुचवलं नाही. मागच्या वर्षीचा अहवाल बरा होता ना!

मग बाबांनी १० किलोमीटरचं काढलं. मोकळ्या पाण्यातली ही शर्यत ऑलिंपिकमध्ये २००८ च्या बीजिंगपासून आहे. त्यांनी वाचून तयारी केली होती. ब्राझीलची आना मार्सेला कुन्हा बीजिंगमध्ये सोळा वर्षांची असताना पाचवी आली आणि सुवर्ण मिळालं ते टोकियोत, एकोणतिसाव्या वर्षी. म्हणजे इथे घाई नाही, वय हाताशी आहे. १५०० मीटरला एकोणतीस टर्न, म्हणजे भिंतीपाशी वळणं, असतात, इथे एकही नाही, आणि हिचे टर्न तसेही कच्चे. जर्मनीच्या फ्लोरियन वेलब्रोकने टोकियोत १५०० ला कांस्य आणि १० किलोमीटरला सुवर्ण घेतलं होतं, तेव्हा दोन्ही दगडांवर पाय ठेवता येतो हेही दिसलं होतं. मुद्दे सगळे खरे होते.

ती लगेच हो म्हणाली. तिचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा सुटलेला दिसला. कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. तलावात प्रत्येक लॅपला भिंतीवरचं घड्याळ दिसतं आणि जुन्या वेळेशी तुलना होते. मोकळ्या पाण्यात लाटा, प्रवाह, घोळका, सगळंच दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे वेळेला फारसा अर्थ नसतो. तिला १० किलोमीटर हवी होती त्यापेक्षा घड्याळ नको होतं. आम्ही तिच्या होकाराला उत्साह समजलो.

सहा आठवड्यांच्या तयारीवर तिला शर्यतीत उतरवलं. तयारी सगळी २७ अंशांच्या तलावात.

शर्यत

अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्या होत्या. पाणी १९ अंश. १० किलोमीटरसाठी नियमाने १६ ते ३१ अंशांचं पाणी चालतं, तेव्हा शर्यत नियमात होती. वेटसूट घालायची मुभा होती, पण तिचा उसना आणलेला सूट मानेला घासत होता आणि दुखऱ्या खांद्याला आवळत होता. तिने तो काढून ठेवला. अंगावर चरबी नाही, रात्रीचं जेवण अर्धं, पाणी १९ अंश. हे तीन आकडे एका कागदावर आम्ही कोणी मांडले नाहीत.

पहिल्या दोन फेऱ्या ती पुढच्या गटात, दुसरीच्या पायांमागे राहून, डोकं लावून पोहली. तिसऱ्या फेरीत मागे पडली. फेरीच्या शेवटी पेय द्यायच्या तराफ्यावर सर लांब काठीला पेला अडकवून उभे होते. ती आली, हात वर केला, पेला बोटांना लागला आणि पडला. बोटं पंज्यासारखी फाकलेली, मिटतच नव्हती. तिने मान वर करून सरांना काहीतरी सांगितलं, त्यातला एक शब्द लागला नाही. मग ती वळली आणि पुढच्या बोयाकडे, म्हणजे मार्गावरच्या तरंगत्या खुणेकडे, जायचं सोडून तिरकी जायला लागली.

सरांनी बचाव बोटीला हात केला. साडेसात किलोमीटरवर तिला बाहेर काढलं.

हा निर्णय घ्यायला त्यांना जेमतेम दहा सेकंद लागले असतील. अमेरिकेचा फ्रॅन क्रिपन २०१० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या १० किलोमीटर शर्यतीत मरण पावला. तो सव्वीस वर्षांचा होता. पाणी फार गरम होतं आणि तो दिसेनासा झाला हे वेळेवर कोणाच्या लक्षात आलं नाही. पाणी तिथे गरम, इथे गार, पण दोन्हीकडे पोहणाऱ्याला स्वतःचं कळेनासं होतं ते आधी, आणि हात चालत राहतात नंतरही. सरांच्या या प्रकरणातल्या चुका मी इथे लिहिल्या आहेतच. पण अख्ख्या प्रकरणात वेळेवर घेतलेला आणि अचूक असा एकच निर्णय होता, आणि तो त्यांचा होता. ती त्यांच्याशी पुढे तीन महिने धड बोलली नाही.

वहीतला कोपरा

तिसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलावर पालथी पडली होती, खांद्यावर बर्फ. तिची सरावाची वही उशाशी होती. मी नुसती चाळत होते. तारीख, सेट, वेळ, नाडी, झोप असे रकाने आखलेले. केसांचं पाणी टपकून शाई फुटलेली. आणि जवळपास प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे: ३८, ३८, ३९, ३८.

"हे काय गं?"

"हात, ताई. एका लॅपला किती लागले ते. मनात आपोआप मोजले जातात. कोणी सांगितलं नव्हतं."

मी पानं उलटत गेले. सतराव्या वर्षी ३८. अठराव्याला ३९-४०. शेवटच्या दोन महिन्यांत ४२, कधी ४३. सेटच्या वेळा जेमतेम तशाच होत्या, पण त्याच वेळेसाठी दर लॅपला चार हात जास्त पडत होते. कोपर खाली पडलं, पाणी तळहातातून निसटायला लागलं की असं होतं. माणूस तेवढाच पुढे जातो, पण जास्त हात मारून. आठवड्याच्या ७० किलोमीटरचे १४०० लॅप होतात. त्यातले हजार फ्रीस्टाइलचे धरले तरी आठवड्याला चार हजार हात वरचे. मी चार महिने टेप लावत होते आणि दर आठवड्याला खांद्यावर चार हजारांचं ओझं वाढीव पडत होतं.

श्वास ती फक्त उजवीकडे घ्यायची. त्या वेळी पुढे ताणलेला डावा हात अंगाचा भार तोलतो. दमल्यावर तोच हात डोक्यासमोरून पलीकडे, मधली रेघ ओलांडून पडत होता. हे मला पाण्याखालच्या चित्रफितीत नंतर दिसलं. पण तेव्हा मी वेगळाच प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशी विचारायला हवा होता.

"पाळी कधी आली होती?"

"नऊ महिने झाले. पण ते बरंच आहे ना? स्पर्धेच्या वेळी कटकट नाही."

तपासण्या काय म्हणाल्या

हिमोग्लोबिन ११.४, फेरिटिन ९. म्हणजे शरीरातला लोहाचा साठा जवळपास संपलेला. मणक्याची हाडं वयाच्या मानाने विरळ. पोहण्यात शरीराचं वजन पाणी उचलतं, त्यामुळे धावणाऱ्याच्या हाडांना मिळतो तसा भार पोहणाऱ्याच्या हाडांना मिळत नाही. त्यात पाळी बंद म्हणजे हाडांना राखणारं इस्ट्रोजेनही कमी. खांद्याच्या एमआरआयमध्ये सुप्रास्पायनेटस या खांद्याच्या स्नायूचा कंडरा सुजलेला होता, फाटलेला नव्हता. एवढंच काय ते बरं.

क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी याला ऊर्जेची सापेक्ष कमतरता म्हटलं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही संज्ञा २०१४ मध्ये रूढ केली. मांडणी साधी आहे: खाल्लेल्यातून व्यायामाचा खर्च वजा करून जे उरतं त्यावर शरीराने बाकीचं घर चालवायचं असतं. उरलं नाही की शरीर एकेक खोलीतला दिवा बंद करतं. पाळी, हाडांची भर, अंगातली ऊब, कंडऱ्याची दुरुस्ती. निळे ओठ, न भरणारा खांदा आणि घसरलेली वेळ ही आम्ही तीन वेगळी दुखणी समजत होतो.

दुसरा निर्णय

आधी दाखवलेल्या एका डॉक्टरांनी गर्भनिरोधक गोळ्या सुचवल्या होत्या, "पाळी सुरू होईल" म्हणून. आईंना ते पटलं होतं. क्रीडावैद्यकाच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. गोळ्यांनी येणारा रक्तस्राव गोळ्यांचा असतो. शरीर सावरलं की नाही हे त्यामुळे कळत नाही, आणि मूळची उपासमार तशीच राहते. हा मुद्दा आईंना समजावून सांगायला दोन भेटी लागल्या, आणि मला वाटतं त्या सगळ्यात जास्त कामी आल्या.

मग प्रश्न पाण्याचा. पूर्ण बंद, की कमी? डॉक्टर पूर्ण बंदच्या बाजूने झुकत होते. मला भीती होती की पाणी तोडलं तर ही मुलगी जेवणही तोडेल. शेवटी आठवड्याला २४ किलोमीटर, सहा महिने स्पर्धा नाही, असं ठरलं. बाबा म्हणाले, "सहा महिने म्हणजे संपलंच की." तिने नऊ दिवस नकार दिला.

दहाव्या दिवशी सरांनी तोड काढली. तिच्या लेनसमोरच्या घड्याळावर त्यांनी टॉवेल टाकला आणि म्हणाले, "मला वेळ नको. एका लॅपला अडतीस हात, एवढंच आणून दे." ती पाण्यात उतरली. पहिल्या दिवशी ४२ च्या खाली एकही लॅप गेला नाही.

बाकीचं काम नीरस होतं. सरावात तळहाताला बांधायची पॅडल कपाटात गेली. दर तीन हातांनी श्वास, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंना. डावा हात खांद्याच्या रेषेत पाण्यात घालायचा. पाठीच्या फऱ्यांचे व्यायाम, लोहाच्या गोळ्या. सराव संपल्यावर अर्ध्या तासात खायचं, भूक असो नसो, आणि रात्रीचं जेवण पूर्ण. सोमवारचं वजन तिच्यापुरतं बंद झालं, नंतर सगळ्यांचंच.

काय झालं

खांदा दहा आठवड्यांत शांत झाला. फेरिटिन ३४ पर्यंत यायला पाच महिने लागले. पाळी सातव्या महिन्यात आली. वजन चार किलो वाढलं, आणि ज्याची सरांना धास्ती होती ते झालं नाही: पाचव्या महिन्यातच लॅपला ३८ हात दिसायला लागले होते. चार किलो जास्त घेऊन ती पाण्यात जास्त वर राहत होती. सरांनी हे स्वतःहून माझ्याकडे येऊन सांगितलं. त्यांना ते सोपं गेलं नसणार.

परत आल्यावर ४८ किलोमीटरच्या वर तिला कधी नेलं नाही. चौदा महिन्यांनी तिने १५०० मीटर १७:०४ मध्ये पोहली. १६:५८ पुन्हा कधी आली नाही. ज्या निवडीसाठी हे सगळं सुरू झालं होतं ती केव्हाच निघून गेली होती. दोन वर्षांनी, नीट थंड पाण्याचा सराव करून आणि स्वतःच्या मापाच्या वेटसूटमध्ये, तिने १० किलोमीटर २ तास ११ मिनिटांत पूर्ण केली, चौदावी आली. तेविसाव्या वर्षी थांबली. मणका सुधारला आहे, पण वयाच्या बरोबरीला अजून आलेला नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

माझ्या नोंदणीच्या फॉर्मवर पाळीचा प्रश्नच नव्हता. आता आहे, आणि तीन महिने पाळी नाही म्हटलं की खांदा बघण्याआधी मी डॉक्टरांकडे पाठवते. संघाचे प्रशिक्षक पुरुष असतील तर हा प्रश्न कोण विचारणार हे आधी ठरवलेलं असावं. नाहीतर तो कोणीच विचारत नाही. आमच्याकडे तसंच झालं.

१० किलोमीटर निवडणं मुळात चूक होतं असं मला वाटत नाही. क्रम चुकला. आधी तपासणी आणि नंतर बदल, असं झालं असतं तर तीच शर्यत तिला एखाद्या वर्षात झेपली असती. वेळ आधी थांबली आणि मग घसरली तेव्हा आम्ही 'आता काय करायचं' यावर बोललो. 'हे का होतंय' यावर पाच मिनिटंही दिली नाहीत.

सहा महिन्यांच्या मुदतीवर सरांचं आणि माझं आजही जुळत नाही. ते म्हणतात तीन पुरले असते, पाचव्या महिन्यात हात ३८ वर आलेच होते. माझं म्हणणं, पाळी सातव्या महिन्यात आली, तेव्हा सहासुद्धा कमीच होते. पण एका बाबतीत आम्ही दोघेही चुकलो. स्पर्धा बंद केली तेव्हा तिचं संघाच्या दौऱ्यांना जाणंही बंद झालं, ते कोणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. वयाच्या नवव्या वर्षापासूनच्या सगळ्या मैत्रिणी त्या बसमध्ये होत्या. ती सकाळी एकटी २४ किलोमीटरचा वाटा पोहायची आणि घरी जायची. तिला वेळा लिहायला, पाणी द्यायला, कशालाही बरोबर नेता आलं असतं. त्या काळात वहीत झोपेच्या रकान्यात चार तास, साडेचार तास असे आकडे आहेत, आणि ते मी तेव्हाही वाचले नाहीत. कोपऱ्यातले हातच मोजत बसले होते.

हा मजकूर छापण्याआधी तिला वाचायला दिला. तिने दोन आकडे दुरुस्त केले, 'कुल्फी' ठेवा म्हणाली, आणि शर्यतीचा भाग वाचून वही मिटली.

"अडीच किलोमीटर तर राहिले होते, ताई."

"बोटं मिटत नव्हती तुझी."

"पण पाय चालू होते ना."